भयपटाची टीम: मुंबईहून आणायची की खान्देशातच जमवायची?

पटकथा तयार आहे, पारोळ्याच्या बाजूला धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, एक जुना वाडा बघून ठेवलाय आणि पैसे जेमतेम वीस रात्रींच्या शूटिंगचे आहेत. आता प्रश्न माणसांचा. एक वाट म्हणजे मुंबई-पुण्याहून पंचवीसेक जणांचं तयार युनिट आणायचं. दुसरी, जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव इथूनच टीम बांधायची. त्यात लग्नाचे व्हिडिओ करणारे येतात, यूट्यूबसाठी अहिराणी गाणी आणि कॉमेडी शूट करणारे येतात, राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर दिसणारी मंडळी येतात. शेजारच्या मालेगावानं तर घरच्या सामानावर सिनेमे काढून दाखवलेत, त्यामुळे ‘इथं माणसंच नाहीत’ हे रडगाणं ऐकूच नका. मात्र कॉमेडीत खपतं ते सगळं भयपटात खपत नाही. हसणारा प्रेक्षक आवाजातली खरखर सोडून देतो, घाबरायला बसलेल्याला तीच पहिली ऐकू येते.

सगळं युनिट बाहेरचं किंवा सगळं घरचं, हे दोन्ही निर्णय महागात पडतात. एकेका कामाचा वेगळा विचार करावा लागतो.

एकच शॉट, दोन टीम

वाड्याच्या बोळातून बाई कंदील घेऊन पुढे येते. तिच्यामागं अंधारात कोणीतरी उभं आहे, ते प्रेक्षकाला आधी दिसतं आणि तिला नंतर. साधारण दीड मिनिटाचा शॉट.

लग्नाच्या शूटिंगवर तयार झालेला कॅमेरामन गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण) उचलतो, २४ एमएमची लेन्स लावतो आणि ऑटोफोकस चेहऱ्यावर ठेवतो. हात स्थिर, चाल सराईत, पहिल्याच टेकला चित्र देखणं. गडबड शेवटी होते. मागची आकृती थोडी उजेडात आली की कॅमेरा तिचाही चेहरा ओळखतो आणि फोकस आपण होऊन मागे पळतो. भीती ज्या क्षणी बसायची तो क्षण दोन सेकंद आधीच फुटतो. कंदील खरा पेटवला असेल तर चेहरा काळा आणि काच पांढरी. कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो आणि भिंतीवर दाणे नाचू लागतात.

बाहेरची टीम हाच शॉट ८५ एमएमवर घेते. फोकस पुलर, म्हणजे हातानं फोकस सांभाळणारा माणूस, फरशीवर खडूनं पाच खुणा करतो आणि अंतरं टेपनं मोजतो. गॅफर, म्हणजे लाइटचा प्रमुख, कंदिलात वातीऐवजी २२०० ते २७०० केल्विनचा (पिवळसर उजेडाचा) छोटा डिमर-बल्ब बसवतो आणि वायर बाईच्या बाहीतून काढतो. सहावा-सातवा टेक ओके होतो, पण तयारीत दीड तास गेलेला असतो. वीस रात्रींच्या सिनेमात असे दीड-दीड तास मोजूनच परवडतात.

यातून निघणारा मार्ग फारसा खर्चिक नाही: कॅमेरामन इथला, फोकस पुलर बाहेरचा. एक जास्तीचा माणूस आणि एक फॉलो फोकस (लेन्सचा फोकस हातानं फिरवायचं चाक), बस्स. इथल्या मुलांकडचे मिररलेस कॅमेरे कमी उजेडात चांगलं काम देतात. फक्त तीन सवयी पहिल्या दिवशीच मोडाव्या लागतात. पहिली, ८-बिटमध्ये शूट करण्याची. अंधाऱ्या भिंतीवर रंगाचे पट्टे पडतात आणि डीआयमध्ये (शूटिंगनंतर रंग जुळवताना) ते निघत नाहीत, त्यामुळे १०-बिट लॉगच (रंगकामाला वाव ठेवणारं रेकॉर्डिंग) हवं. दुसरी, अंधार हवा म्हणून एक्स्पोजरच खाली ओढण्याची. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ घ्या आणि अंधार नंतर पाडा. तिसरी, शटर १/४८ वर ठेवण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गावातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी २४ फ्रेमवर लुकलुकतात. शटर १/५० सेकंद, म्हणजे अंशांत मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर १७२.८ अंश ठेवलं की ट्यूबचा त्रास जातो. काही एलईडी तरीही ऐकत नाहीत, ते सरळ काढून टाका.

आवाज: इथे काटकसर नको

एकच माणूस बाहेरून आणायची ऐपत असेल तर तो साउंड रेकॉर्डिस्ट असावा. दोघांची ऐपत असेल तर दुसरा त्याचा बूम ऑपरेटर, म्हणजे लांब दांडीवरचा माइक धरणारा. ‘डबिंगमध्ये बघून घेऊ’ हा सल्ला भयपटात घातक ठरतो. धाप, हुंदका, अडखळलेलं अहिराणी वाक्य स्टुडिओत तसं परत येत नाही. किंकाळी तर नाहीच. तीही शिफ्टच्या शेवटी घ्यायची, कारण दोन जोरदार किंकाळ्यांनंतर नटीचा घसा बसतो आणि पुढचे संवाद जुळत नाहीत.

स्थानिक युनिटमध्ये आवाज बहुतेक कॅमेऱ्यावरच्या माइकवर किंवा कपड्याला लावायच्या एका वायरलेस लॅपल माइकवर भागवतात. रेकॉर्डिस्ट ४८ किलोहर्ट्झ, २४-बिटवर वेगळा आवाज घेतो आणि प्रत्येक खोलीत मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करतो. त्या शांततेवरच एडिटिंग उभं राहतं. रातकिड्यांचा आवाज शॉटमागून शॉट बदलत जातो. तो खालून भरून काढायला काही नसेल तर प्रत्येक कट कानाला टोचतो.

तरी मुंबईच्या रेकॉर्डिस्टला एक गोष्ट कळणार नाही, ती इथल्याच माणसाला कळते. रात्रीच्या पाळीत शेतीची थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या ऑटो स्टार्टरच्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि ही घरघर पुढचे काही तास थांबत नाही. कोणत्या फीडरला या आठवड्यात रात्रीची पाळी आहे हे गावातल्या वायरमनकडून आधीच काढायचं आणि संवादांचे सीन त्याप्रमाणे मांडायचे. भुसावळ-जळगाव मेन लाइनजवळचं लोकेशन असेल तर गाड्या मोजत बसण्यापेक्षा लोकेशनच बदला.

आवाजांचा साठा मात्र इथला घ्यावा. रावेर-यावलच्या केळीबागेत वारा सुटल्यावर फाटक्या पानांची सळसळ, दगडी जातं, रहाटाची कुरकुर, जुन्या कडीचा खडखडाट. प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं स्वतंत्र रेकॉर्ड करून ठेवावं. साउंड डिझायनर पुण्यात बसला तरी भीती खान्देशाची वाटते ती यामुळे. त्याला एक सूचना आधीच द्या: भयपटाची खालची घुमणारी पट्टी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही आणि तुमचा निम्मा प्रेक्षक मोबाइलवर असेल. त्या आवाजाला वरच्या पट्टीतला एखादा जोडीदार लागतो.

मेकअप: रंगभूमीचा की प्रोस्थेटिकचा?

नाटकाचे रंगभूषाकार खान्देशात चांगले आहेत. पांढुरका चेहरा, खोल गेलेले डोळे, वाळलेले ओठ हे ते सहज करतात, फक्त क्लोज-अपसाठी हात हलका ठेवायला सांगावं लागतं. रंगमंचावरचा मेकअप दहाव्या रांगेसाठी असतो. उकललेली कातडी, भाजलेला चेहरा, फाटलेला जबडा असलं काही पटकथेत असेल तर प्रोस्थेटिकवाला (चेहऱ्यावर नकली कातडीचे तुकडे बसवणारा) बाहेरूनच आणावा लागेल, आणि तोही शूटिंगच्या महिनाभर आधी. नटाच्या चेहऱ्याचा साचा, त्यावरून तुकडे, प्रत्येक रात्रीसाठी नवा तुकडा: कडा पातळ असतात, एकदा काढला की पुन्हा बसत नाही. लावायला दोन-तीन तास, काढायला एक. त्या रात्री पंधरा शॉटची यादी केली असेल तर ती आठवर आणा.

जिलेटीनचे तुकडे स्वस्त आणि झटपट, म्हणून नवखे त्यांच्याकडे वळतात. जिलेटीन अंगाच्या उष्णतेलाच मऊ पडू लागतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा दिवसा पंचेचाळिशीकडे जातो आणि रात्रीही भिंती धगधगत असतात. त्यात जखम गालावरून हनुवटीवर उतरते. सिलिकॉन टिकतं. लिक्विड लेटेक्सही चालतं, पण त्यात अमोनिया असतो आणि काहींना लेटेक्सची अ‍ॅलर्जी असते. मनगटावर थेंब लावून चोवीस तास थांबायचं, आणि भुवयांना आधी व्हॅसलीन. ते विसरलं तर सोलताना भुवया सोबत येतात.

रक्त मात्र घरीच बनवा. एक किलो लिक्विड ग्लुकोज (बेकरीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं), एक वाटी पाणी, दोन चमचे खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको आणि निळ्या रंगाचा एखादा थेंब. निळा नसला की रक्त सरबतासारखं दिसतं. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात गुलाबी मारतो, म्हणून आधी त्याच लाइटखाली चाचणी घ्या. हे मिश्रण गोड असतं. शेतात ओतलं की दहा मिनिटांत मुंग्या येतात, त्यामुळे जमिनीवर पडून राहायचा शॉट आधी आणि रक्त शेवटी. त्या साडीचे तीन जोड तरी हवेत. डाग पाण्यानं पूर्ण जात नाहीत, आणि दुसरा टेक स्वच्छ साडीतच सुरू होतो.

लाइट आणि कला विभाग

इथं बाहेरच्यांची फारशी गरज नाही. मोठे लाइट भाड्यानं आणले की त्यांच्यासोबत अटेंडंट येतोच. बाकी हात मंडपवाल्यांचे. त्यांच्याकडे जनरेटर असतो, पण तो वरातीचा, म्हणजे गडगडणारा. सायलेंट जनरेटर घ्या आणि शंभर मीटरवर, भिंतीआड ठेवा. मग केबल बघा. चार किलोवॅटचा भार २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवरून शंभर मीटर नेला तर पंचवीसेक व्होल्ट वाटेतच जातात आणि हॅलोजन पिवळे पडतात. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हा फटका दहा व्होल्टवर येतो. धाब्यावर लाइट चढवायचा मोह टाळा. वर कोणी चाललं की खाली माती गळते. ती एकदा फ्रेममध्ये छान दिसते, दुसऱ्यांदा नटीच्या डोळ्यात जाते.

सेट आणि प्रॉपर्टीसाठी गणेशोत्सवात आरास करणारे कारागीर बघा. थर्माकोल, तट्ट्या, प्लास्टर, चालती दृश्यं यात त्यांचा हात बसलेला असतो. धुक्यातला दूरचा वाडा, जळणारं गाव अशी दृश्यं टेबलावर छोटी मांडून घेता येतात. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबल-टॉप फोटोग्राफीत याच जातीचं काम केलं. त्यांच्या घरातलं कलादालन तुमच्या कलादिग्दर्शकाला एकदा दाखवून आणा, व्हीएफएक्सचे दोन-तीन शॉट तिथेच वाचतील.

शिस्त कोणाची, ओळख कोणाची

फर्स्ट एडी, म्हणजे सेटवर वेळ आणि शिस्त सांभाळणारा पहिला सहायक दिग्दर्शक, बाहेरचा असावा. कारण कौशल्याचं कमी, नात्याचं जास्त. घरच्या टीममध्ये एडी हा दिग्दर्शकाचा मावसभाऊ असतो, लाइटवाला त्याचा दोस्त, वाडा मामांचा. ‘भाऊ, पाच मिन्टं’ म्हणता म्हणता पाऊण तास जातो आणि ओरडायचं कोणी कोणावर? बाहेरच्याला ती अडचण नसते.

प्रॉडक्शन मॅनेजर मात्र शंभर टक्के इथला. ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, वाड्याचे चार वाटेकरी, रात्री दोनला डिझेल, हे मुंबईच्या लाइन प्रोड्यूसरच्या हातचं काम नाही. यावल किंवा गौताळा अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते. बालकलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांवर काम नाही आणि सलग तीन तासांवर नाही. मांजर, कुत्रा, घुबड दाखवायचं तर आधी प्राणी कल्याण मंडळ. घुबड तर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, ते पुठ्ठ्याचंच बरं.

मॅनेजर इथला असण्याचं आणखी एक कारण आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बाईला मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार खरोखर घडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या म्हातारीला त्या भूमिकेत उभं करणं म्हणजे तिला संकटात टाकणं. बाहेरच्या दिग्दर्शकाला ती ‘अस्सल लोककथा’ वाटते. इथला माणूस तिथंच थांबवतो. ती भूमिका नाटकातल्या अभिनेत्रीकडे द्या आणि शूटिंग दुसऱ्या तालुक्यात करा.

विहिरीतला किंवा आगीचा सीन असेल तर फाइट मास्टर आणि त्याचा दोर-हार्नेसचा संच बाहेरूनच. पोहता येणारा गावचा पोरगा हा त्याला पर्याय नाही.

हिशेब आणि तारखा

मुंबईहून जळगाव रेल्वेनं साधारण सव्वाचारशे किलोमीटर. येण्या-जाण्याचे दिवसही बिलात धरले जातात. पंचवीस माणसं बावीस दिवस ठेवली की ५५० मुक्काम आणि तितक्या दिवसांचं जेवण होतं. रेकॉर्डिस्ट, बूम, फोकस पुलर, एडी, प्रोस्थेटिकवाला आणि त्याचा मदतनीस अशी सहाच माणसं आणली तर १३२. (जेवणात पहिल्या रात्री शेवभाजीचं फार कौतुक होतं, तिसऱ्या रात्री सगळे वरण-भात मागतात. आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा.)

घरच्या टीमचा खरा धोका लग्नतिथी. तुळशीचं लग्न लागलं की तुमचा कॅमेरामन, ड्रोनवाला आणि मंडपवाला तिघंही एकाच तारखेला गायब होतात, आणि आगाऊ रक्कम घेतलेल्या लग्नापुढं तुमच्या सिनेमाला कोणी विचारत नाही. उन्हाळ्यातही तेच. त्यात मेमध्ये कामाचा काळोख साडेसात ते सव्वापाच एवढाच मिळतो. पौषात लग्नं नसतात, गडीमाणूस मोकळा असतो आणि रात्र दोन-अडीच तासांनी मोठी असते. थंडीत तोंडातून वाफ निघते, ती एका शॉटला आहे आणि दुसऱ्याला नाही असं होऊ देऊ नका. टेकच्या आधी बर्फाचा खडा तोंडात धरला की वाफ थांबते. लेन्स बाहेरच्या गारव्यातून चूल पेटलेल्या खोलीत नेली की तिच्यावर दव धरतं, म्हणून वीस मिनिटं आधी आत नेऊन ठेवा.

डेटाची सवयही बदलावी लागते. लग्नवाले दुसऱ्या ऑर्डरसाठी कार्ड फॉरमॅट करतात. १०० एमबीपीएसनं तासाला ४५ जीबी भरतात. दोन हार्ड डिस्कवर प्रत उतरून, दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही, आणि त्या दोन डिस्क एकाच गाडीत ठेवायच्या नाहीत.

टीम पक्की करण्याआधी एक रात्र चाचणीची ठेवा: कंदिलाचा तो बोळातला शॉट, इथला कॅमेरामन, बाहेरचा फोकस पुलर आणि रेकॉर्डिस्ट. सकाळी तो आधी मोबाइलवर बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. आगाऊ रक्कम त्यानंतर द्या.