पहिला भाग बाहेर आहे, दुसरा नेऊ का?

आमच्या गावच्या ग्रंथालयात दोन कपाटं, एक नोंदवही आणि संध्याकाळचे दोन तास मी. सोयाबीन निघालं की कापसाच्या वेचणीला जोर येईपर्यंत पोरं पुस्तकांना येतात, आणि प्रश्न ठरलेला: "दुसरा भाग हाय जी, पयला कुठी गेला?" पहिला कुणाच्या तरी घरी, कोठीवर पडलेला असतो. मग थांबायचं, की हाती आहे तो न्यायचा?

फास्टर फेणे असेल तर खुशाल न्या. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा दर पुस्तकात नव्या भानगडीत सापडतो, मागचं ठाऊक नसलं तरी काही अडत नाही.

शेरलॉक होम्सचंही जवळपास तसंच. ४ कादंबऱ्या, ५६ कथा, आणि बहुतेक कथा आपापल्या जागी पुऱ्या. होम्स लिहिणाऱ्या खुद्द डॉयलनंच कुठे क्रम पाळला? १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात संपवला, १९०१ मध्ये बास्करव्हिल्सची गोष्ट आणली ती आधीच्या काळातली म्हणून, आणि १९०३ मध्ये गडी जिवंत परत. तेवढी मरणाची कथा परतण्याच्या आधी वाचा.

हॅरी पॉटरला मात्र ही सूट नाही. सात भाग, आणि पोरगं दर भागात वर्षानं मोठं होतं. आमच्याकडे देणगीत एकटा पाचवा आला होता. जाड आहे म्हणून एकानं हौसेनं नेला, तिसऱ्या दिवशी परत. "हा सारखा कोणाच्या मरणाचं दुःख करून राहिला जी?" मेला तो चौथ्यात, त्याला कसं कळावं!

खरी पंचाईत मोठ्यांच्या पुस्तकांत. नेमाड्यांचा चांगदेव 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' असा चार कादंबऱ्यांत फिरतो. मी 'जरीला'पासून शिरलो. नोकरीचं गाव नवं, कॉलेज नवं, त्यामुळे चाललं. पण हा माणूस इतका उखडलेला का, ते 'बिढार'मधले मुंबईचे दिवस वाचल्यावरच उमगलं. घाई नसेल तर क्रमानंच घ्या.

आनंद यादवांच्या बाबतीत मी हट्टी आहे. 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' कपाटात असले तरी त्यांच्या आत्मकथेचा पहिला भाग 'झोंबी' आल्याशिवाय देत नाही. शाळेसाठी बापाशी भांडणारं पोर, आणि बाप त्याला शेतात ओढतोय. पुढे तो शिकला हे आधीच कळलं, तर ती धाकधूक गेली. आमच्याकडे अशी भांडणं घराघरांत झालेली आहेत, वाचणाऱ्याला ती सांगावी लागत नाहीत.

अनोळखी मालिका असेल तर दुसऱ्या भागाची पहिली दहा पानं चाळा. ओळख न देता चार नावं आली आणि ती माणसं जुन्या भांडणावर बोलू लागली, की पुस्तक जागेवर ठेवा.

'झोंबी' सध्या बाहेर आहे. तारीख उलटून महिना झाला. नेणाऱ्याला परवा बसस्टॉपवर गाठलं तर म्हणाला, "माझं झालं जी, आता पोरगी वाचून राहिली."