कॅरो-कान बचाव: काही महिने खेळल्यानंतर

बुद्धिबळात पांढऱ्याच्या ई४ला काळ्याकडून उत्तर म्हणून गेले काही महिने मी फक्त कॅरो-कान खेळतोय, ऑनलाइन रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) आणि क्लबातही. काळ्याची पहिली चाल सी६, दुसरी डी५. फ्रेंच बचावाप्रमाणे (ई४ला ई६) इथेही मध्यावर धडक आहे, पण सी८चा उंट ई६ प्याद्यामागे कोंडला जात नाही. तो आधी बाहेर काढता येतो, आणि या बचावाची खरी गोडी तिथेच आहे. होरेशियो कॅरो आणि मार्कुस कान यांनी १८८६मध्ये याचं विश्लेषण केलं, म्हणून हे नाव.

‘भक्कम पण कंटाळवाणा’ असं ऐकून कुणी दूर राहिलं असेल, तर त्याने अ‍ॅडव्हान्स, म्हणजे पांढरा ई-प्यादं पुढे ढकलतो तो प्रकार, खेळून पाहावा. ३.ई५ उंट एफ५ ४.एच४, आणि डाव तापलाच! इथे सवयीने ई६ केलंत तर जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५... उंट गेला. म्हणून ४...एच५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) पक्कं डोक्यात ठेवा. १९६१च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तालने बोटविनिकविरुद्ध हीच एच४ काढली होती. मला मात्र ग्रँडमास्टर नायजेल शॉर्टची शांत पद्धत, घोडा एफ३ आणि उंट ई२, जास्त जड जाते. पांढऱ्याकडे जागा भरपूर असते, आणि सी५ कधी ढकलायचं हे पाठांतराने येत नाही.

३.घोडा सी३ला ई४वर मारामारी झाली की मी ४...घोडा एफ६ खेळतो, म्हणजे टार्टाकोव्हर प्रकार. घोडे मारले जाऊन एफ-पट्टीत दुहेरी प्यादी होतात, एंडगेममध्ये ते खुपतं. पण मोहरी भराभर निघतात आणि राजा सुरक्षित राहतो. माजी जगज्जेता कार्पोव्हच्या आवडत्या ४...घोडा डी७मध्ये चालींचा क्रम फार सांभाळावा लागतो: ५.वजीर ई२ला दुसरा घोडा एफ६वर आणलात की घोडा डी६, मात. १९९७मध्ये डीप ब्लूविरुद्धच्या शेवटच्या डावात कास्पारोव्हने याच प्रकारात ७...एच६ केलं, संगणकाने ई६वर घोडा दिला आणि १९ चालींत डाव संपला.

एक्स्चेंजमध्ये, म्हणजे पांढऱ्याने तिसऱ्या चालीलाच डी५वर मारामारी केली तर, फारसा त्रास नाही. पानोव्हसाठी (त्याच मारामारीनंतर ४.सी४) एकाकी, म्हणजे शेजारी आपलं प्यादं नसलेल्या, डी-प्याद्याविरुद्ध खेळायची तयारी हवी.

राहिला ३.एफ३. ई४वर मारामारी करून लगेच ४...ई५ खेळा. पांढऱ्याने हावरटपणे ई५ घेतलं तर वजीर एच४ शह. जी३ने अडवलं की वजीर शह देत ई४ घेतो आणि एच१चा हत्ती पडतो.