केटोकोनाझोल २ टक्के: चेहऱ्याच्या खाजेवर क्रीम आणि शाम्पू किती उपयोगाचे?

मोठेपणी नव्याने सुरू झालेली चेहऱ्याची खाज भुवया, नाकाच्या दोन्ही कडा, कानामागची घडी आणि दाढीचा भाग एवढ्यातच फिरत असेल, तर केटोकोनाझोल २ टक्के हे सगळ्यात आधी आजमावण्यासारखं बुरशीनाशक औषध आहे. ते जुनं आहे, साधं आहे आणि योग्य ठिकाणी लागलं तर दोन ते चार आठवड्यांत चेहरा शांत करतं. तरी 'काही उपयोग झाला नाही' म्हणून अर्धी पिळलेली ट्यूब बाजूला पडलेली फार वेळा दिसते. बहुधा एकतर खाजच वेगळ्या जातीची असते, नाहीतर लावण्याची पद्धत चुकलेली असते. म्हणून क्रीम आणि शाम्पू कसे आहेत हे सांगण्याआधी ते कुणी घ्यायचे हे ठरवायला हवं.

आरशात जागा नीट बघा. सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे डोक्यातल्या कोंड्याचाच चेहऱ्यावर उतरलेला प्रकार, तेलग्रंथी दाट असतात तिथे येतो: भुवयांच्या आत आणि मधे, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घडीत, कपाळावर केस सुरू होतात त्या रेषेवर, कानात आणि कानामागे, दाढी-मिशीखाली. दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो. पापुद्रे पिवळट, किंचित तेलकट असतात आणि चोळले की सुटतात. सावळ्या त्वचेवर लाली फारशी उठून दिसत नाही; तिथे आजूबाजूपेक्षा फिकट पट्टे दिसतात आणि माणूस कोड आलं म्हणून घाबरतो. सोबत डोक्यात कोंडा असेल तर शंका जवळजवळ मिटते. ताण, अपुरी झोप, थंड कोरडी हवा यांत त्रास उसळतो, काही आठवडे आपोआप बसतो, पुन्हा येतो. हे येणं-जाणंही ओळखीची खूणच आहे.

पापुद्रे दिसले की त्वचा कोरडी पडली असं वाटतं आणि जाड क्रीम चोपडणं सुरू होतं. इथेच पहिली फसगत होते. मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, प्रत्येकाच्याच त्वचेवर असतं आणि ते त्वचेच्या तेलावर जगतं. ते तेलातले ट्रायग्लिसराइड फोडतं, त्यातली काही मेदाम्लं खातं आणि ओलेइक आम्लासारखी उरलेली मेदाम्लं त्वचेला चुरचुरवतात. ज्यांच्या त्वचेला हे सोसत नाही त्यांना लाली, खाज आणि पापुद्रे येतात. त्यामुळे ऑलिव्ह, बदाम किंवा खोबरेल तेल चेहऱ्याला लावणं म्हणजे या यीस्टला खाऊ घालणंच आहे. घरात हा आजार कुणाला लागत नाही आणि तो अस्वच्छतेमुळेही होत नाही. ज्यांना कुणी टोचून बोललं असेल त्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

केटोकोनाझोल या यीस्टच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य तयार होऊ देत नाही. शिवाय थोडी दाहशामक क्रियाही करतं. पण हे औषध यीस्ट कायमचं हटवत नाही, कारण यीस्ट त्वचेचं कायमचं रहिवासी आहे. ही मर्यादा पॅकवर ठळकपणे लिहिलेली नसते आणि निराशेचं मूळ बरेचदा इथेच असतं.

आता क्रीम. दिवसातून दोनदा, चार आठवड्यांपर्यंत, असा त्याचा प्रघात आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली रेघ अंदाजे अर्धा ग्रॅम भरते. भुवया आणि नाकाच्या कडांना त्याच्या निम्मी रेघ पुरते. म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅम आणि चार आठवड्यांना १४ ग्रॅम, तेव्हा १५ ग्रॅमची ट्यूब एका फेरीला पुरेशी आहे. ती आठवड्यात संपत असेल तर थर फार जाड होतोय आणि दोन महिने पुरत असेल तर मधे दिवस चुकताहेत. कोमट पाण्याने चेहरा धुवून, टिपून, पूर्ण कोरडा झाल्यावर पातळ थर लावायचा आणि जिथे पापुद्रे दिसतात त्याच्या बोटभर पलीकडेपर्यंत न्यायचा. दहा-पंधरा मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर. आधी मॉइश्चरायझर आणि वर औषध असा उलटा क्रम ठेवू नये, औषध त्वचेपर्यंत नीट पोचत नाही. खाज पहिल्या आठवड्यातच उतरू लागते, पापुद्रे त्यानंतर जातात, लाली सगळ्यात शेवटी. फिकट पट्टे भरून यायला मात्र काही महिने लागतात. ते दिसताहेत म्हणून औषध वाढवण्यात अर्थ नाही.

क्रीमचा खरा दोष त्याच्या आधारद्रव्यात, म्हणजे औषध ज्यात मिसळलेलं असतं त्या मिश्रणात आहे. बऱ्याच केटोकोनाझोल क्रीममध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, सीटाइल आणि स्टिअराइल अल्कोहोल आणि सोडियम सल्फाइट असतं. चिडलेल्या त्वचेवर प्रोपिलीन ग्लायकॉल झोंबतं. लावल्यावर पाच-दहा मिनिटं हलकी चुरचुर झाली तर काळजी नको. पण तासाभराने आग वाढत असेल, क्रीम लावलेली सीमा स्पष्ट लाल होत असेल, पुरळ उठत असेल तर क्रीमचीच अ‍ॅलर्जी समजून थांबा. सल्फाइट न सोसणाऱ्या दमेकऱ्यांनी घटकांची यादी वाचूनच ट्यूब घ्यावी. शंका असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागी रोज दोनदा, आठवडाभर लावून बघायचं. तिथे खाज उठली तर चेहऱ्यावर नेऊ नये.

शाम्पूकडे मात्र लोक फक्त डोक्याचं औषध म्हणून बघतात आणि दोघांपैकी जास्त कामाची वस्तू गमावतात. दाढी, मिशी आणि दाट भुवयांत क्रीम केसांनाच चिकटून राहतं, फेस मुळापर्यंत जातो. शिवाय डोक्यातला कोंडा तसाच ठेवून फक्त चेहऱ्यावर इलाज केला तर कपाळाची रेष आणि कान पुन्हा पुन्हा उसळतात. पद्धत सोपी आहे. आठवड्यातून दोनदा केस धुताना टाळूला शाम्पू लावायचा, तळहातावरचा थोडा फेस भुवया, नाकाच्या कडा, दाढी आणि कानामागे बोटांनी हलकेच पसरवायचा, डोळे मिटून थांबायचं. टाळूवर तीन ते पाच मिनिटं, चेहऱ्यावर तीन पुरेत. मग भरपूर पाण्याने धुवायचं, विशेषतः कानामागे आणि जबड्याखाली, कारण तिथे राहिलेला फेस स्वतःच खाज आणतो. दोन ते चार आठवड्यांनी चेहरा शांत झाला की आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. हा शेवटचा टप्पा सोडू नका. औषध एकदम बंद केलं की बहुतेकांना पुन्हा त्रास होतो आणि तेव्हा नव्याने पूर्ण फेरी करावी लागते.

लगेच धुवून टाकला तर शाम्पूचा उपयोग होत नाही, रोज लावला तर चेहरा खरंच कोरडा पडतो. त्यात डिटर्जंट असतंच, काहींत सुगंध आणि फॉर्मल्डिहाइड सोडणारी प्रिझर्व्हेटिव्हही असतात. त्यामुळे धुतल्यावर दोन-तीन मिनिटांत, त्वचा थोडी ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. ग्लिसरीन, सेरामाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेलं चालेल. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासूनची, तिच्यावर हे यीस्ट पोसत नाही. रोजच्या धुण्याला साधा साबण नको. त्याचा पीएच ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक धुण्यानंतर ताण बसतो. सौम्य सिंडेट बार (साबण नसलेली धुण्याची वडी) किंवा बिनसाबणाचं क्लेन्झर दिवसातून दोनदा पुरे. या चार आठवड्यांत स्क्रब, रेटिनॉल, सॅलिसिलिक आम्ल, व्हिटॅमिन सी सीरम असं काहीही मधे आणू नये. आणलं तर पुढची आग कशाची हे कळायला मार्गच उरत नाही.

दोन्हींची जोडी कशी बसवायची? पहिले चार आठवडे नाकाच्या कडा आणि भुवयांना क्रीम, टाळू आणि दाढीला शाम्पू. त्यानंतर क्रीम बंद, शाम्पू चालू. खाज फारच असेल तर पहिले पाच-सात दिवस सोबत हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का चालतं. त्यापलीकडे नाही.

स्टिरॉइडबद्दल थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त चेहरे इथे बिघडतात. बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र असलेली मिश्र क्रीम दोन दिवसांत खाज घालवतात, म्हणून ती चमत्कारासारखी वाटतात. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव घटकांत दिसलं तर स्वतःच्या मनाने ते चेहऱ्याला लावू नका. आठवड्यामागून आठवडे वापरलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या येतात आणि थांबवलं की आधीपेक्षा दुप्पट आग होते. असं क्रीम बराच काळ वापरून केटोकोनाझोलवर येणाऱ्यांना पहिले काही आठवडे बिघाडच दिसतो आणि दोष नव्या ट्यूबवर जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सकाळी सौम्य स्टिरॉइड आणि संध्याकाळी केटोकोनाझोल ठेवून, दोन ते तीन आठवड्यांत स्टिरॉइड हळूहळू उतरवणं हा त्यावरचा मार्ग आहे.

आता कुणी हे औषध घेऊच नये ते. खाज मुख्यतः पापण्यांवर असेल, तर आधी संपर्काची अ‍ॅलर्जी शोधा. पापणीची त्वचा अतिशय पातळ, म्हणून नेलपॉलिश लावलेल्या नखांचा स्पर्श, केसांचा रंग, शाम्पूतला सुगंध तिथेच आधी बोलतो. वर्षानुवर्षं सोसलेल्या वस्तूचीही अ‍ॅलर्जी मोठेपणी सुरू होऊ शकते, त्यामुळे 'हे तर मी नेहमीच वापरते' हा पुरावा धरता येत नाही. मेथिलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हने इतकी डोकी खाजवली की युरोपीय संघाने २०१७ पासून न धुतल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. धुऊन टाकायच्या शाम्पूत ते अजूनही असू शकतं. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्यावी: पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि त्यानंतरही एक-दोनदा पाहणी होते.

खाजेपेक्षा आग जास्त, गाल आणि नाक तापून लाल, गरम पेय किंवा ऊन लागलं की भडका, पापुद्रे नाहीत, तर रोझेशिया असण्याची शक्यता मोठी. त्याला मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन १ टक्का किंवा अझेलाइक आम्ल लागतं. तोंडाभोवती पुटकुळ्या, पण ओठालगत बारीकशी मोकळी किनार, हा पेरिओरल डर्मटायटिस. त्यात स्टिरॉइड आणि बहुतेक सगळी प्रसाधनं थांबवणं हाच पहिला उपचार. एकाच गालावर कडा उठलेलं, पसरत जाणारं वर्तुळ दिसलं तर गजकर्णाची तपासणी करायची. आणि एक गोष्ट निक्षून: या खाजेसाठी केटोकोनाझोलच्या गोळ्या घेऊ नका. यकृताच्या गंभीर इजेमुळे २०१३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने बुरशीसाठीच्या त्या गोळ्यांची विक्री स्थगित करण्याची शिफारस केली. क्रीम आणि शाम्पू रक्तात जवळजवळ उतरत नाहीत, त्यांना ही भीती लागू नाही.

पद्धत बरोबर आणि तरी चार आठवड्यांत फरक नाही, असंही होतं. तेव्हा सायक्लोपिरॉक्स १ टक्का हा दुसरा बुरशीनाशक पर्याय आहे. दाहच जास्त असेल तर डॉक्टर टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस देतात. ती स्टिरॉइड नाहीत, त्वचा पातळ करत नाहीत, पण पहिले काही दिवस चांगलीच झोंबतात. हे आधी माहीत असलं तर माणूस टिकून राहतो. सेलेनियम सल्फाइड शाम्पू टाळूला उत्तम, चेहऱ्याला मात्र रखरखीत पडतो.

चेहऱ्याच्या एकाच बाजूला वेदनेसह पाण्याचे फोड, डोळ्याभोवती सूज, मधासारख्या पिवळ्या खपल्या, दोन्ही गालांवर पसरलेली पण नाकाच्या घड्या वगळणारी लाली, किंवा महिनोन्‌महिने एकाच जागी न भरणारा खरखरीत डाग, यांपैकी काहीही दिसलं तर ट्यूब न उघडता त्वचारोगतज्ज्ञ गाठा. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी, कारण नागीण डोळ्यापर्यंत जाऊ शकते.