वाइनमधले औषधांचे अंश: जीसी, एलसी की वेगळी चाचणी?

छोट्या वाइनरीने लॅबकडे रेसिड्यू टेस्टचे (फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश शोधणाऱ्या चाचणीचे) दर मागितले की कोटेशनमध्ये सगळ्यात ठळक असतो तो औषधांचा आकडा: एका सॅम्पलमध्ये इतकी शे औषधे. या आकड्यावर भाळू नका. ज्या बागेची द्राक्षे घेतली तिची फवारणी डायरी काढा आणि त्यातले एकेक औषध लॅबच्या यादीत सापडते का ते बघा. नसेल, तर पाचशेची यादीही बिनकामाची.

कोटेशनमध्ये साधारण दोन मशिनांची नावे असतात. जीसी-एमएस/एमएसमध्ये (जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी) सॅम्पल तापवून वाफ करतात, म्हणून उष्णता सोसून उडणारी औषधे तिथे चांगली दिसतात. सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक हे तिचे हक्काचे गिऱ्हाईक. एलसी-एमएस/एमएस (एलसी म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफी) द्रवातच काम करते. डावनी या बुरशीच्या रोगावरचे डायमेथोमॉर्फ, कार्बेन्डाझिम, इमिडाक्लोप्रिड असा मोठा गट तिच्याकडे जातो. दोन्हींसाठी अर्क बहुधा एकच असतो, क्वेचर्स पद्धतीचा: वाइनमध्ये अ‍ॅसिटोनायट्राइल आणि मीठ घालून हलवायचे, सेंट्रिफ्यूज करायचे, वरचा थर घ्यायचा. त्यामुळे एकाच अर्कावर दोन्ही मशिने चालवायला किती जास्त पैसे लागतील, हे विचारायला लाजू नका.

एकच परवडणार असेल तर वाइनसाठी मी एलसी घेईन. पायरेथ्रॉइड पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. ती सालीला आणि तळाच्या गाळाला धरून बसतात, आणि रॅकिंग (गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या टाकीत काढणे), फिल्टरमध्ये बरीचशी निघून जातात. मेटालॅक्झिल, डायमेथोमॉर्फ मात्र वाइनमध्ये टिकतात. शिराझसारखी रेड सालीसकट आंबते, म्हणून तिथे जास्त सावध राहावे.

डायरीत कॅप्टन हे बुरशीनाशक असेल तर गणित बदलते. ते एलसीवर नीट दिसत नाही. जीसीत जावे तर तापल्यावर तुटून टीएचपीआय हा दुसराच पदार्थ होतो, आणि रस आंबतानाही तेच घडते. अंश कशाला म्हणायचे याच्या युरोपच्या व्याख्येत कॅप्टन आणि टीएचपीआय यांची बेरीज धरतात. रिपोर्टवर नुसते ‘कॅप्टन: आढळले नाही’ असेल, तर टीएचपीआय मोजले का, हे फोन करून विचाराच.

आता या दोन्ही मशिनांच्या नेहमीच्या यादीत न बसणारी मंडळी. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक थेट मोजत नाहीत, आम्लात तोडून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. त्यामुळे मॅन्कोझेबच्या डायथायोकार्बामेट गटातले नेमके कोणते औषध, हे त्यातून कळत नाही. ग्लायफोसेट, फोसेटिल आणि वेलीची वाढ रोखणारे सीसीसी (क्लोरमेक्वाट) पाण्याशी इतकी सलगी करतात की क्वेचर्सच्या वरच्या थरात येतच नाहीत. त्यांना मिथेनॉलवर चालणारी क्यूपे (QuPPe) पद्धत लागते, आणि तिचे पैसे वेगळे. 2010 मध्ये भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते सीसीसीमुळेच. तेव्हा निर्यातीच्या तपासणी यादीत ते नव्हते. ज्याने तो हंगाम पाहिलाय त्याला हे वेगळे सांगायला नको.

लॅब निवडताना एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का बघून थांबू नका, स्कोप, म्हणजे मान्यता कोणत्या चाचण्यांना आहे त्याची यादी, उघडून वाचा. त्यात ‘द्राक्षे’ आहे की ‘वाइन’? वाइनमधला अल्कोहोल अ‍ॅसिटोनायट्राइलच्या थरात शिरतो, थराचा आकार बदलतो, आणि रेडचा रंग मशिनच्या सिग्नलवर परिणाम करतो. रंग काढायला कार्बन जास्त वापरला तर थायाबेन्डाझोलसारखी सपाट रेणूंची औषधेही रंगासोबत कार्बनला चिकटून जातात. म्हणून वाइनवर पडताळलेली पद्धत हवी, आणि कॅलिब्रेशन औषध नसलेल्या वाइनमध्ये केलेले. बिअरचे सॅम्पल असेल तर आधी गॅस काढतात. ब्रँडीची चिंता कमी, कारण बहुतेक औषधे ऊर्ध्वपातनात मागेच राहतात.

राहिला प्रश्न द्राक्षे तपासावीत की वाइन. युरोपात वाइनमधल्या अंशांची वेगळी कमाल मर्यादा नाही, वाइन-द्राक्षाची मर्यादा प्रक्रियेतली घट-वाढ धरून लावतात. खरेदीदाराला वाइनचाच रिपोर्ट लागतो, तो द्यावाच. पण बजेट एकाच चाचणीचे असेल आणि माल दुसऱ्याच्या बागेतला असेल, तर मी तोडणीच्या आधी द्राक्षांचे सॅम्पल पाठवीन. रिपोर्ट वाईट आला तर निदान माल नाकारता येतो, टाकीत गेल्यावर तो आपला झाला.