जुन्या डिझेलवर ऑइल कॅच कॅन: वर्षभराच्या वापरानंतर

जुन्या टर्बो-डिझेल गाडीला ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वायूतलं तेल अडवणारा डबा, लावून आता वर्ष होत आलं. लावावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: लावा, पण त्याआधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, व्हॉल्व्ह तपासा. या व्हॉल्व्हचं नाव कुणी काढत नाही आणि माझा सगळा राग त्यावरच आहे.

गाडी चढाला ओढेनाशी झाली होती. काळा धूर, चेक इंजिनचा दिवा, आयडलला थरथर. गॅरेजचा निकाल असा की ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी) दोन्ही नवे टाका. एवढी घाण साचलीच कशी, असं विचारलं तर उत्तर आलं, "जुनी गाडी आहे, होतंच." हे उत्तर मला अजिबात पटलं नाही. कारण न शोधता नवा मॅनिफोल्ड बसवला तर तोही तसाच भरणार आणि पैसे पुन्हा जाणार. माझ्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये फ्लॅप नाहीत, हलणारा एकही भाग नाही. ती धातूची पोकळ नळी, झिजणार काय? काढला, खरवडला, सॉल्व्हंटमध्ये भिजवून धुतला, परत बसवला.

काढताना जे दिसलं ते महत्त्वाचं. इंटरकूलरकडून येणाऱ्या पाइपात नुसता तेलाचा ओला थर होता. बोट फिरवलं की पुसला जाणारा. ईजीआरची नळी जिथे येऊन मिळते तिथून पुढे मात्र डांबरासारखा काळा, जाड थर, हवेची वाट निम्म्यावर आलेली. म्हणजे घाण दोन गोष्टींची आहे. पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, निसटतोच. तो तेलाचे बारीक थेंब घेऊन ब्रीदरमधून वर येतो आणि टर्बोच्या आधी इनटेकच्या हवेत सोडला जातो. दुसरीकडून ईजीआर एक्झॉस्टमधली काजळी आणतो. ज्वलनाचं तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणं हे त्याचं काम, आणि ते गरजेचं आहे. पण काजळीला चिकटायला तेल मिळालं की ती भिंत धरते. पुढच्या उष्णतेने हलका भाग उडून जातो आणि जे उरतं ते खरवडावंच लागतं.

कॅच कॅन यातलं फक्त तेल अडवतो, काजळी नाही. एवढं समजूनच घेतला. आत स्टीलची जाळी असलेला घेतला, कारण रिकाम्या डब्यातून बारीक थेंब आरामात निघून जातात.

पहिल्या काही आठवड्यांत डबा भराभर भरत होता आणि मी फार खूश होतो. एवढं तेल मॅनिफोल्डमध्ये जाण्यापासून वाचलं, असा हिशेब. ते मत आता बदललं आहे. इतकं तेल येणं हे डब्याचं यश नव्हतं, ते इंजिनातल्या बिघाडाचं लक्षण होतं. टॅपेट कव्हरमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) ब्रीदरचा दाब सांभाळणारा रबरी पडदा असतो; सुरुवातीला म्हटलेला व्हॉल्व्ह तो हाच. माझा फाटला होता. तो फाटला की इनटेकची ओढ थेट क्रँककेसवर येते आणि प्रमाणाबाहेर तेल खेचलं जातं. तो एक भाग बदलला आणि डब्यात जमणारं तेल एकदम कमी झालं. नव्या मॅनिफोल्डच्या तुलनेत तो पडदा अगदीच स्वस्त. तरी वर्षानुवर्षांच्या सर्व्हिसिंगमध्ये एकदाही कुणी तपासला नाही! एअर फिल्टर बदलतात, इनटेक साफ करायचे स्प्रे विकतात, आणि हा तसाच राहतो. स्प्रेबद्दल एक इशारा: चालू डिझेल इंजिनात असलं द्रावण जास्त गेलं तर इंजिन त्यालाच इंधन म्हणून जाळतं आणि चावी बंद करूनही वेग चढत राहू शकतो.

डब्याची खरी खोड म्हणजे बाजूची पारदर्शक नळी. तेलाची पातळी तिच्यातून दिसायची, पण उष्णतेने काही महिन्यांतच ती पिवळट, धुरकट झाली. आता काही कळत नाही, प्रत्येक वेळी खालचा प्लग पान्याने उघडून बघावं लागतं. डबा काठोकाठ भरला तर साचलेलं तेल एकदम इनटेकमध्ये खेचलं जाईल, म्हणून हे टाळताही येत नाही. साधी काच का लावली नाही? सोबत आलेली रबरी नळीही तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडली. ती मिटली तर क्रँककेसचा दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येईल, म्हणून तेल सोसणारी नायट्राइल रबराची नळी टाकली. डबा घेणाऱ्याने ही नळी सोबतच घ्यावी.

ईजीआर पत्रा लावून बंद करा, असा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. नाही केला. धूर इतरांच्या नाकात जातो आणि दिवा परत लागतो. त्याऐवजी कमी वाफ होणारं तेल घेतलं. तेलाच्या माहितीपत्रकात नोॲक हा आकडा बघा. २५० अंश सेल्सिअसला एका तासात किती टक्के तेल उडून जातं ते तो सांगतो. एपीआय एसएन या तेलाच्या दर्जाला १५ टक्क्यांपर्यंत चालतं, एसीईए सी३ या दर्जाला १३. आपल्या इंजिनाला सांगितलेल्या दर्जातलंच, पण कमी आकड्याचं घ्यावं. गेजच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरू नये, जास्तीचं तेलही ब्रीदरमधूनच निघतं. नुसतं हळू, थोड्या थोड्या अंतरांवर गाडी चालवली तर ईजीआर जास्त वेळ उघडा राहतो आणि काजळी वाढते. पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की तो बंद होतो. म्हणून अधूनमधून गरम इंजिनाने लांब रस्त्यावर जोर लावून चालवतो.

गेल्या महिन्यात मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर काढून पाहिला. छिद्रात काजळी होतीच, पण कोरडी; मऊ ब्रशने निघाली. आधी तिथे सुई घालून चिकटा काढावा लागला होता. डब्याला पाचपैकी साडेतीन तारे, दीड तारा त्या पारदर्शक नळीमुळे गेला.