एच5पाय: तुकडा हवा तेवढाच मिळतो, पण चंक आधी ठरवा

रॅममध्ये न मावणारा अ‍ॅरे फाइलमध्ये ठेवून त्यातला हवा तेवढाच भाग वाचायचा-लिहायचा असेल, तर पायथॉनमध्ये एच5पाय ही लायब्ररी डोळे झाकून घ्यावी. स्लाइसिंग, म्हणजे तुकडा काढणं, नमपाय या अ‍ॅरेच्या लायब्ररीसारखंच, आणि फाइल एचडीएफ5 या फॉरमॅटची असल्याने मॅटलॅब, आर, सी कुठूनही उघडते. वेग मात्र मुख्यतः चंकच्या, म्हणजे अ‍ॅरे फाइलमध्ये ज्या ठरावीक तुकड्यांत साठवला जातो त्यांच्या, आकारावर ठरतो.

भारतीय हवामान विभागाचा 0.25 अंशांच्या चौकटींचा रोजचा पाऊस घ्या: 129 अक्षांश, 135 रेखांश. शंभर वर्षांचे 36,525 दिवस फ्लोट32 मध्ये (दर आकड्याला 4 बाइट) सुमारे अडीच जीबी होतात. चंक न देता डेटासेट (फाइलमधला अ‍ॅरे) केला, तर एका दिवसाचा 70 केबीचा नकाशा सलग मिळतो. पण महाबळेश्वरच्या एका चौकटीचा शंभर वर्षांचा पाऊस मागितला, की फाइलमध्ये 36,525 ठिकाणी जावं लागतं. चंक (365, 15, 15), म्हणजे दिवस, अक्षांश, रेखांश असा ठेवला, तर तेच काम 101 चंकांत, साधारण 33 एमबी वाचून होतं. त्याची किंमत एका दिवसाच्या नकाशाला मोजावी लागते: 81 चंक, 27 एमबी. कारण जीझिपने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) चंक अर्धा उलगडता येत नाही.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते कॅशपाशी, म्हणजे उलगडलेले चंक मेमरीत ठेवण्याच्या जागेपाशी. एचडीएफ5 च्या 1.x मालिकेत डेटासेटमागे कॅश 1 एमबीचा. वरच्या आकाराचे तीनच चंक त्यात मावतात. मग रोजचा नकाशा ओळीने वाचताना तेच 81 चंक दररोज नव्याने उलगडले जातात. फाइल उघडताना आरडीसीसी_एनबाइट्स (कॅशचा आकार) 32 एमबीपर्यंत वाढवा, किंवा सरळ 365 दिवसांचा गठ्ठा एकदम घ्या. लिहितानाही गठ्ठाच बरा. एकेक दिवस लिहिला आणि कॅश अपुरा असला, तर प्रत्येक वेळी चंक वाचा, उलगडा, बदला, पुन्हा दाबा, असं चक्र चालतं.

लिहिण्यात एक खोड आहे, आणि ती चूक दाखवतही नाही: डेटासेटचं नाव पाऊस धरलं आणि पाऊस[10][5, 5] = 0 लिहिलं तर फाइलमध्ये काहीच बदलत नाही, कारण पाऊस[10] ही मेमरीतली प्रत असते. पाऊस[10, 5, 5] = 0 असंच लिहायचं. इंडेक्सची यादी दिलीत तर ती चढत्या क्रमाने हवी, आणि हजाराच्या पुढे गेली की फारच मंदावते.

पुढची वर्षं जोडायची असतील तर डेटासेट करतानाच मॅक्सशेपमध्ये (कमाल आकार) पहिली मिती नन (None, म्हणजे अमर्याद) ठेवा. चंक नंतर जागच्या जागी बदलत नाही. एच5रीपॅक या एचडीएफ5 च्या साधनाने नवी फाइल करावी लागते.