मागच्या खुरावरची लाल जखम : पट्टी बांधायची की मोरचुदाच्या पाण्यातून चालवायचे?

पावसाळ्यात मोहोळ-पंढरपूर भागातल्या गोठ्यात एचएफ (होल्स्टीन) गाय मागचा पाय झटकायला लागली की पहिला संशय लाळ्या-खुरकुताचा येतो. तोंड उघडून बघावे तर फोड नाहीत, लाळ नाही, वैरणही खातेय. मग पाय उचलून पाइपची धार धरायची. शेण निघून गेले की दोन टाचांच्या मधल्या खाचेच्या वर लालभडक, दाणेदार चट्टा दिसतो. कडेचे केस ताठ उभे, आणि नुसते पाणी लागले तरी गाय पाय हिसडते. हा डिजिटल डर्माटायटिस, म्हणजे खुरालगतच्या कातडीचा दाह. १९७४ साली इटलीत तो पहिल्यांदा नोंदला गेला. त्याच्या मुळाशी ट्रेपोनेमा नावाचे मळसूत्रासारखे जंतू असतात.

उपाय निवडण्याआधी कातडीच्या आत काय चालते ते समजून घ्या, कारण निवड तिथेच ठरते. गायीचे शरीर स्वस्थ बसलेले नसते. जखमेच्या वरच्या थरात न्यूट्रोफिल नावाच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दाटलेल्या असतात, खाली रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या संरक्षक पेशी जमतात, रक्तात प्रतिपिंडेही तयार होतात. तरी जखम भरत नाही, कारण जंतू त्या गर्दीच्या खाली, कातडीच्या खोल थरात शिरून बसतात. प्रयोगशाळेत गायीच्या मॅक्रोफेज पेशींना ट्रेपोनेमाचा अर्क दिला, तेव्हा जखम भरण्याशी संबंधित जनुकांचे काम मंदावले. मॅक्रोफेज म्हणजे घाण साफ करून डागडुजी सुरू करून देणारी पेशी. तीच ढिली पडली तर बाकीच्यांनी कितीही धाव घेतली तरी उपयोग काय? शिवाय जखम बरी झाल्यावर प्रतिपिंडे ओसरतात आणि तीच गाय पुन्हा लंगडते. लाळ्या-खुरकुतासाठी दर सहा महिन्यांनी लस टोचून घेतो तशी भरवशाची लस इथे नाही. म्हणून बाहेरून आपणच काहीतरी करायला लागते.

आता पट्टी. पाय खोड्यात (गाय उभी जखडायच्या चौकटीत) बांधायचा, जखम धुऊन कोरडी करायची, डॉक्टरांनी दिलेले टेट्रासायक्लिन किंवा सॅलिसिलिक ॲसिडचा मलम लावून पट्टी गुंडाळायची, दोन-तीन दिवसांनी सोडायची. जास्त दिवस ठेवली तर आत ओल धरते. औषध थेट जंतूंच्या घरात जाते, हा तिचा मोठा फायदा. त्रास एवढाच की एकेका गायीमागे माणूस अडकतो, आणि टेट्रासायक्लिन वापरले तर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते.

मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेट या तांब्याच्या क्षाराचे, पाणी उथळ टाकीत भरून गायींना त्यातून चालवणे सोपे वाटते. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबवाल्याच्या घरी बोर्डो फवारणीसाठी मोरचूद असतेच. पण हिशोब करा. तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद टाकीत बारा सेंटिमीटर पाणी धरले तर ते २१६ लिटर होते. पाच टक्के द्रावणाला पावणेअकरा किलो मोरचूद लागते. दीडशे-दोनशे गायी गेल्या की, किंवा शेणाने त्याआधीच, ते निकामी होते. आठ गायींच्या गोठ्यात एवढे पाणी वाया घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. चाळीस-पन्नास गायींच्या मुक्त गोठ्यात मात्र टाकी हवीच, कारण तिथे रोज प्रत्येक पाय उचलणे होत नाही. तरीही टाकी नव्या जखमा रोखायला आणि जुन्या दाबून ठेवायला आहे. उघडी लाल जखम दिसली की ती गाय बाजूला काढून पट्टी बांधलीच पाहिजे.

टाकीत मोरचुदाऐवजी फॉर्मॅलिन स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवील. उघड्या जखमेवर ते भाजते, वाफ डोळ्यांना झोंबते, शिवाय ते कर्करोगकारक आहे. बंदिस्त गोठ्यात तर मी ते कधीच वापरणार नाही.

इंजेक्शनचा मोह फार होतो. खुरांच्या बेचक्यात सूज, ताप आणि घाण वास असेल तर तो खूर कुजण्याचा आजार, आणि त्याला इंजेक्शन लागते. टाचेवरच्या या जखमेला सहसा लागत नाही.

माझे मत सांगायचे तर वीसपेक्षा कमी गायी असतील तर खोडा आणि पट्टी. पाण्याच्या हौदाभोवतीचा चिखल रोज ओढून काढा, कारण खूर तिथेच तासन्‌तास ओलसर राहतो. आणि टाकी बांधलीच तर वापरलेले मोरचुदाचे पाणी जिथे धनगरांची मेंढरे चरायला येतात तिथे ओतू नका. एका टाकीत पावणेतीन किलोच्या आसपास तांबे असते, आणि मेंढीला तांब्याची विषबाधा गायीपेक्षा फार लवकर होते. डाळिंबाच्या बागेत फवारणीचे तांबे आधीच साठत असते, म्हणून तिथेही नको.